लोकसंख्या : आकडा आणि आकार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी मला दिली, तेव्हा लोकसंख्या हा विषय मी मुद्दाम घेतला. गेली काही वर्षे आपल्या सभांतून आणि लग्नसमारंभांतून एक वाक्य वरचेवर कानी पडते : ‘देशाची लोकसंख्या भरमसाट वाढते आहे, आणि आपली मात्र घटते आहे.’ वाक्याच्या पूर्वार्धात धास्ती असते, उत्तरार्धात खंत. दोहोंत काही तथ्य आहे. परंतु ज्या घडामोडीने देशाची संख्या फुगली, तिच्याच पुढच्या टप्प्यात काही समाजांची संख्या स्थिरावते किंवा उतरते, हे ध्यानात न आल्यामुळे आपण भलत्याच गोष्टीला भितो आणि कदाचित भलत्याच गोष्टीवर पैसाही खर्च करतो. वसतिगृहावर आणखी एक मजला चढविण्याचा ठराव यंदा मंडळापुढे आहे. त्या ठरावाशी माझ्या विषयाचा काय संबंध, ते ओघाने येईलच.

केंद्र सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये जातवार गणनेचा निर्णय घेतला आणि पुढे १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून जनगणना करण्याचे जाहीर केले. तेव्हापासून ‘आपण किती?’ हा प्रश्न सर्वच ज्ञातिसंस्थांतून विचारला जात आहे. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्धच झालेले नसल्यामुळे ही उत्सुकता स्वाभाविक आहे. मला मात्र त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो : आपण कोणत्या वयाचे आहोत? शंभर माणसांत पन्नास बालके असतील, तर त्या गावाला शाळा आणि सुईण हवी. शंभरांत तीस वृद्ध असतील, तर त्याच शंभरांना निराळ्याच गोष्टी हव्यात. आकडा एकच, परंतु आकार वेगळा.

लोकसंख्या झपाट्याने वाढते त्या अर्थी लोक पूर्वीपेक्षा अधिक मुलांना जन्म देऊ लागले असावेत, असा सार्वत्रिक समज आहे. ज्यांच्या घरी जुन्या वंशावळी आहेत, त्यांनी त्या या दृष्टीने एकवार चाळाव्यात. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावे त्यांत पानोपानी भेटतात. जिची दोन-तीन लेकरे मृत्यूने नेली, ती माता पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव ठेवी. दगडाकडे वा केराकडे यमाची दृष्टी वळणार नाही, ही त्यामागची भाबडी आशा. सटवाईचे पूजन पार पडेपर्यंत घरातील बायामाणसे जीव मुठीत धरून असत. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच अर्भकांपैकी एकाहून अधिक पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत असे. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नावांचे हसू येत नाही.

वंशावळींचा एक मोठा दोषही येथेच सांगून टाकतो. त्यांत जगलेले पुरुष तेवढे येतात. मुली येत नाहीत आणि पाळण्यातच गेलेली बाळेही येत नाहीत. त्यामुळे पणजोबांना तीन मुलगे होते असे वाचून पूर्वीची कुटुंबे आटोपशीर असावीत, असा ग्रह होतो. पणजीची सात-आठ बाळंतपणे त्या कागदावर कोठेच नसतात.

तात्पर्य, जन्म पूर्वीही विपुल होते. मृत्यूही तितकेच विपुल होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच सुमारास दोन मोठे दुष्काळ पडले. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि मुंबई इलाख्याला त्याचा फटका विशेष बसला. १९११ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या २५.२ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१ कोटी भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट किंचित घटच. त्यानंतर मात्र एकाही जनगणनेत संख्या उतरलेली नाही. १९५१ मध्ये ३६ कोटी, १९७१ मध्ये ५५ कोटी, २०११ मध्ये १२१ कोटी. आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आपण चीनलाही मागे टाकले.

या मधल्या काळात घडले काय? १९४१ ते १९५१ या दशकात दर हजारी सुमारे ४० जन्म होत आणि २७ मृत्यू. १९६१ ते १९७१ या दशकात जन्म जवळजवळ तेवढेच, ४१. मृत्यू मात्र १९. म्हणजे माणसे जन्मत होती तितकीच. ती मरेनाशी झाली होती. हिवतापाचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. डीडीटीची फवारणी सुरू झाली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. (पुढे १९७६ पर्यंत हा रोग पुन्हा उसळला, ती कथा निराळी.) शेजारच्या सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तर हा पालट एका वर्षात दिसला. तेथे १९४६ मध्ये दर हजारी २० मृत्यू होत, ते १९४७ मध्ये १४ वर आले. देवी, पटकी, बाळंतपणातील धनुर्वात यांच्या बाबतीतही कमी-अधिक वेगाने हेच झाले.

युरोपात हेच स्थित्यंतर घडायला शंभर-दीडशे वर्षे लागली. तेथे मृत्यू हळूहळू ओसरले, आणि जन्म कमी होण्यास लोकांना पिढ्या न् पिढ्यांचा अवधी मिळाला. शिवाय पाच कोटींहून अधिक युरोपीय माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत व इतरत्र जाऊन वसली. आशिया-आफ्रिकेतील देशांना असा अवधी मिळाला नाही आणि अशी भूमीही मिळाली नाही. औषध बाहेरून आले, काही वर्षांत आले; परंतु किती मुले असावीत याविषयीची घराघरांतील समजूत पूर्वीच्या मृत्यूंच्या हिशेबाने घडलेली होती. सहातील तीन जातात असे ज्या स्त्रीने आपल्या आईच्या घरी पाहिले, तिने सहाही जगतील हे कोणत्या आधारावर मानावे? तिला अडाणी म्हणणाऱ्या वक्त्यांचा मला नेहमीच राग येतो. तिचा हिशेब बरोबर होता. एवढेच की, तो मागच्या पिढीचा होता.

आता आकाराकडे वळू. वयाप्रमाणे माणसांचे थर एकावर एक रचले तर लोकसंख्येचा मनोरा तयार होतो. १९६१ च्या भारताचा मनोरा देवळाच्या शिखरासारखा होता : तळाशी रुंद, वर निमुळता. दर शंभर माणसांत ४१ जण पंधरा वर्षांच्या आतील. कमावत्या माणसाच्या मिळकतीचा मोठा वाटा अन्न, कपडा, दप्तर आणि औषध यांतच संपे. विहीर खणायला किंवा यंत्र घ्यायला शिल्लक उरत नसे. अ‍ॅन्स्ले कोल आणि एडगर हूव्हर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५८ मध्ये भारताचेच उदाहरण घेऊन हा मुद्दा विस्ताराने मांडला होता.

जन्म आवरण्याचा विचार आपल्याकडे परदेशी तज्ज्ञांनी आणला, असे मात्र कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यापायी आयुष्यभर निंदा सोसली. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो जगातील पहिला. पुढे आणीबाणीत त्याला जे वळण लागले, ते आपल्यापैकी वयस्करांना आठवतच असेल. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. जोरजबरदस्तीने या कार्यक्रमावरचा लोकांचा विश्वास असा काही उडवला की, तो परत यायला वर्षे लागली. आणि खरी घट पुढे जी आली, ती मुलींच्या शाळेतून, जगलेल्या मुलांच्या अनुभवातून आणि शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून आली.

आज एका भारतीय स्त्रीला आयुष्यात सरासरी दोन मुले होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा हा आकडा २.० होता, महाराष्ट्राचा १.७ आणि बिहारचा ३.०. या पाहणीचे काम पाहणारी लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था मुंबईत देवनारला आहे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जोडप्याला दोनच मुले होत असतील, तर लोकसंख्या अजून वाढते कशी?

याचे उत्तर आकारात आहे, आणि साध्या अंकगणिताने ते उलगडते. कल्पना करा की, एका गावात शंभर जोडपी आहेत. म्हणजे दोनशे माणसे. प्रत्येकाची चार मुले जगली. मुले झाली चारशे, गाव झाले सहाशेचे. ती चारशे मुले मोठी होऊन त्यांची दोनशे जोडपी झाली, आणि त्या प्रत्येकाने शहाणपणाने दोनच मुले होऊ दिली. तरी मुले चारशेच. आजी-आजोबा दोनशे, आई-बाप चारशे, मुले चारशे : गाव हजाराचे झाले. यानंतर ते दोनशे वृद्ध कालवश झाले. आई-बापांची चारशेची पिढी वार्धक्याला आली, तिची चारशे मुले आई-बाप झाली आणि त्यांनीही दोन-दोनच मुले होऊ दिली. आता प्रत्येक पिढीत चारशे, म्हणजे गावात बाराशे माणसे. पहिल्या पिढीनंतर एकाही घरात दोनाहून अधिक मूल जन्मले नाही, तरीही सहाशेचे गाव बाराशेचे झाले. वाहत्या गाडीचे बैल सोडले तरी उतारावर गाडी काही अंतर जातेच, तशी ही गती. आज देशात जी वाढ दिसते, तिचा मोठा भाग असा पूर्वीच जन्मलेल्या मातांच्या संख्येतून आलेला आहे. २०२० मध्ये देशात दर हजारी १९.५ जन्म आणि ६ मृत्यू नोंदले गेले. फरक साडेतेराचा, म्हणजे जवळजवळ १९४१-५१ च्या दशकाइतकाच! परंतु त्या काळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांचे होते, आता सत्तरीच्या घरात आहे. तोच फरक, आणि त्यामागचे जग संपूर्ण निराळे.

ज्या देशांत हा प्रवास अजून आरंभीच आहे, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे आपण कोठून आलो ते कळते. पश्चिम आफ्रिकेतील नायजर हा वाळवंटाच्या काठावरचा गरीब देश. १९६० मध्ये तेथे सुमारे पस्तीस लाख लोक होते, आज अडीच कोटींच्या वर आहेत. तेथील निम्मी माणसे पंधरा-सोळा वर्षांच्या आतील आहेत. दर चार मुलींपैकी तिघींचे लग्न अठराव्या वर्षाआधी होते. अशा देशाला दर वीस-बावीस वर्षांनी सारे काही दुप्पट लागते : शाळा दुप्पट, विहिरी दुप्पट, धान्य दुप्पट, आणि तेही केवळ होते तेथेच उभे राहण्यासाठी. उलट, केनियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका स्त्रीला सरासरी आठ मुले होत. २०२२ च्या पाहणीत हा आकडा ३.४ आला. बांगलादेशाने तर गरिबीतच हे साधले. तेथे प्रशिक्षित स्त्रिया घरोघर जात, अंगणात बसून बायकांशी बोलत आणि साधने तेथल्या तेथे देत. सहाहून अधिकवरून ही सरासरी अडीचच्या आत आली, ती कोणत्याही सक्तीवाचून.

आपल्याकडे एक गाठ मात्र सुटली नाही. दगडू-धोंडूंची नावे मागे पडली, परंतु त्याच महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या मुली होत्या. मुलगा हवा असताना मुलीमागून मुलगी आली, म्हणून ठेवलेले हे नाव. २०११ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. दगडू हे नाव मृत्यूला चुकविण्यासाठी होते. नकुशी हे नाव त्या मुलीलाच ऐकविण्यासाठी होते. मुलगा होईपर्यंत वाट पाहण्याने पूर्वी कुटुंबे मोठी होत. कुटुंब दोनांवर आले, तेव्हा तीच हाव गर्भपरीक्षेच्या खोलीत शिरली. महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. लहान कुटुंब म्हणजे सुधारलेले कुटुंब, असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या वधूवर सूचीत मुलींची पाने पातळ झाल्याची तक्रार दरवर्षी होते. त्या तक्रारीचा उगम या आकड्यांत शोधावा. मुलींच्या ‘अपेक्षा वाढल्या’ असे म्हणून मोकळे होऊ नये.

आता ‘आपली संख्या घटते’ या खंतीविषयी. ज्या समाजांत शिक्षण आणि नोकरी आधी आली, त्यांच्यात मुले आधी कमी झाली. एवढेच त्यात आहे. बाकीचे त्याच वाटेने मागून येत आहेत. धर्माधर्मांतील फरकाविषयी फार बोलले जाते, म्हणून त्याच राष्ट्रीय पाहणीतील आकडे देतो. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांत ही सरासरी ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ झाली, हिंदू स्त्रियांत ती ३.३ वरून १.९ वर आली. अंतर मिटलेले नाही, परंतु ते निम्म्याहून कमी झाले आहे. तेव्हा इतरांची संख्या वाढते म्हणून आपणही मुले वाढवावीत, हा काही व्यासपीठांवरून दिला जाणारा उपदेश मला अजिबात मान्य नाही. मुले व्हावीत ती आई-बापांना हवी म्हणून, मतदारयादीसाठी नव्हेत.

घट म्हणजे काय, हे पाहायचे तर मुंबईच्या पारशी समाजाकडे पाहावे. २००१ मध्ये देशात त्यांची संख्या ६९,६०१ होती, २०११ मध्ये ती ५७,२६४ झाली. सरकारने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी ‘जियो पारसी’ ही योजना काढली. एवढा सधन, शिकलेला, उदार समाज; परंतु त्याचा मनोरा उलटा झाला, वर रुंद आणि तळाशी अरुंद. लग्नाच्या वयाच्या मुलीच थोड्या, तर प्रत्येकीला दोन मुले झाली तरी संख्या उतरतच राहणार. मघाच्या गावाचे अंकगणित येथे उलट दिशेने चालते. आपण त्या टोकाला पोहोचलेलो नाही. पण आपला मनोराही आता शिखरासारखा राहिलेला नाही. पोटाशी फुगलेल्या रांजणासारखा तो झाला आहे, आणि रांजणाचे ते पोट दरवर्षी एक-एक बोट वर सरकते आहे.

हे पोट म्हणजे कमावत्या वयाची माणसे. मागे मुले थोडी, पुढे वृद्ध अजून थोडे, आणि मध्ये हात पुष्कळ, अशी स्थिती कोणत्याही समाजाच्या वाट्याला काही दशकेच येते. देशात १९७१ मध्ये शंभरात ४२ जण पंधरा वर्षांच्या आतील होते, २०११ मध्ये सुमारे ३१ राहिले. परंतु कमावत्या वयाचा माणूस आणि कमावता माणूस यांत अंतर आहे. शिकलेली सून घरी बसली, तर मनोऱ्यात ती कमावत्या थरात दिसते. कुटुंबाच्या खतावणीत दिसत नाही. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले, ते याच २०१९-२१ च्या पाहणीत. नायजरविषयी बोलताना ज्यांनी मान हलविली, त्यांनी हाही आकडा टिपून ठेवावा.

आणि मग वृद्धांचे काय? साठीपुढील माणसे २०११ मध्ये देशात शंभरामागे ८.६ होती, महाराष्ट्रात ९.९, केरळात १२.६. केरळात शिक्षणाबरोबर मुले लवकर कमी झाली. तरुण माणसे आखातात गेली. मागे मोठमोठी घरे आणि त्यांत दोन-दोन म्हातारी माणसे राहिली. आपल्या समाजात पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून हेच चित्र तयार होते आहे. पूर्वी चार मुलगे असत. एकाने नाही पाहिले तर दुसरा पाही. आता एक मुलगी वा एक मुलगा, आणि तोही बंगळूरला किंवा परदेशी. म्हाताऱ्या आई-बापांना रुग्णालयात नेण्यासाठी शेजाऱ्याची बेल वाजवावी लागते.

आता वसतिगृहाचा ठराव. ते वसतिगृह उभारणाऱ्यांनी आपल्या काळाचा आकार अचूक ओळखला होता. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलग्यांची रीघ लागलेली होती. राहायला खोली नाही म्हणून शिक्षण सोडावे लागे. त्यांनी खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांतून शिकून गेलेले कितीतरी जण आज या सभागृहात बसलेले आहेत. त्या पूर्वजांविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणतो की, तोच आराखडा पुन्हा बांधण्यात अर्थ नाही. आजही काही खोल्या रिकाम्या राहतात, हे व्यवस्थापक खासगीत सांगतात. ते सभेत सांगितले जावे. दुसरा मजला चढवायचाच असेल, तर तो मुलींसाठी असावा आणि नोकरी करणाऱ्या मुलींनाही तेथे जागा मिळावी. तळमजल्यावरील जिना न चढता पोहोचता येणाऱ्या खोल्या वृद्धांच्या दिवसभराच्या बैठकीसाठी व औषधोपचारासाठी मोकळ्या कराव्यात. शिष्यवृत्ती निधीतून थोडा भाग आजारी वृद्धांच्या सोबतीसाठी नेमावयाच्या माणसांवर खर्च करता येतो का, हे घटना पाहून विश्वस्तांनी ठरवावे.

हे माझे अनुमान आहे, आणि ते तपासून घेण्याचा मार्ग सोपा आहे. सरकारी जनगणनेची वाट पाहण्याचे कारण नाही. कुटुंबसूचीच्या नव्या आवृत्तीसाठी जे पत्रक प्रत्येक घरी जाणार आहे, त्यात प्रत्येक नावापुढे जन्मसालाचा रकाना घालावा, अशी माझी विनंती आहे; ‘सज्ञान’ किंवा ‘वयस्कर’ असे मोघम लिहू नये. विवाहित मुलींची नावे माहेरच्या पत्रकातही यावीत. दुबार मोजणी टाळण्यासाठी त्यांपुढे फुली करावी म्हणजे झाले. साठीपुढील व्यक्ती असल्यास ती कोणाबरोबर राहते, याला एक ओळ असावी. पत्रकाचा नमुना मी चिटणीसांकडे दिला आहे. ती पत्रके भरून आली की वयाचे थर मांडण्याचे काम आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी आठवडाभरात करावे, आणि वसतिगृहाचा ठराव त्यानंतरच्या सभेत मतास टाकावा.